वाऱ्याकडे पाठ करून

आश्लेषा नेर्लेकरच्या मनात पाल चुकचुकली ती सकाळीच, कॉफीचा कप तोंडाला लावायच्या आत. समोरच्या पडद्यावर वेरोनिक नावाचं चक्रीवादळ अटलांटिक महासागरातून पुढे सरकत होतं, आणि ते फारच शहाण्यासारखं वागत होतं.

“सलीमभाई, जरा इकडे या. हे वादळ चाललंय की शाळेची प्रभातफेरी?”

सलीम बागवान शेजारच्या टेबलावरून खुर्चीसकट घरंगळत आला. दोघांनी एकाच वर्षी या धंद्यात पाऊल टाकलं होतं, दोघांचे केस एकाच खोलीत पांढरे झाले होते.

“काय झालं? झ्याक चाललंय की.”

“तेच म्हणते मी. एवढं झ्याक कसं काय?”

“झालं का सुरू! ताई, तुम्ही जिलेबीतसुद्धा खडा शोधाल.” सलीम हसला, पण पडद्यावरची नजर काही त्यानं काढली नाही.

कोल्हापुरात ताराबाई पार्कात बसून अटलांटिकची वादळं बघायची, हे ऐकून नव्या माणसाला गंमत वाटते. त्यात गंमत काही नाही. तिकडे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे चहा-नाश्ता उरकून लोक कामाला लागलेले असतात. कॅरिबियन समुद्रातल्या चिमुकल्या बेटांना रात्रभर जागे राहणारे हवामानतज्ज्ञ पोसणं परवडत नाही. म्हणून ‘मेघवाट’ कंपनीनं अशा नऊ बेटांचं काम घेतलं होतं. बेटं गाढ झोपायची आणि त्यांच्या वाटणीचा जागता पहारा कोल्हापूर भर उन्हात करायचं.

आता आश्लेषाला काय खुपलं, ते सांगायला हवं. खरं वादळ कधी सरळ चालत नाही. फिरता भोवरा जसा डुलत डुलत सरकतो, तसं त्याचं केंद्र चार कोस इकडे, चार कोस तिकडे झोकांड्या खात पुढे जातं. त्यातून रात्रीची भानगड वेगळीच. अंधारात उपग्रहाला फक्त ढगांच्या माथ्याची उष्णता मोजता येते. माथे वाऱ्यानं एकीकडे ढकललेले असतात आणि खाली, समुद्रालगत, गरगर फिरणारं खरं केंद्र भलतीकडेच असतं. ते दिसतं पहाटे, सूर्याचा पहिला किरण ढगांवर पडला की. तिकडची पहाट म्हणजे आपली दुपारच्या चहाची वेळ. म्हणून जुनी मंडळी त्या चित्राला ‘चहाचं चित्र’ म्हणायची. आणि मेघवाटमध्ये एक रिवाज होता: चहाचं चित्र आल्याशिवाय कुणी खारी कपात बुडवायची नाही. कितीदा तरी असं व्हायचं, की केंद्र रात्रभर जिथं आहे असं धरलेलं असायचं, तिथून पार लांब निघायचं. सगळ्यांच्या खाऱ्या हातातच राहायच्या आणि फोनाफोनी सुरू व्हायची.

मग ‘अखंड’ आलं, आणि रिवाज संपला.

अखंड ही प्रणाली फार हुशार, यात वादच नाही. अटलांटिकवरचा उपग्रह म्हातारा झाला होता. सप्टेंबरात, म्हणजे ऐन वादळांच्या दिवसांत, तो रोज मध्यरात्रीच्या सुमाराला पृथ्वीच्या सावलीतून जायचा आणि सावलीच्या कडेला सूर्य थेट त्याच्या कॅमेऱ्यात डोकावायचा. कॅमेरा जळू नये म्हणून काही तास तो झाकून ठेवावा लागे. तेवढा वेळ वादळ कुठं काय करतंय, देव जाणे. अखंड ती खिंडारं भरून काढायचं. आधीची चित्रं बघून, वादळांचा सगळा इतिहास पोटात घेऊन, मधली चित्रं ते स्वतः तयार करायचं. इतकंच नाही, तर रात्रीचं चित्रही दिवसासारखं लख्ख रंगवून द्यायचं. सुरुवातीला अशा चित्रांना पिवळी चौकट असायची. पण टीव्हीवाल्यांनी कुरकुर केली, की पिवळं बघून प्रेक्षक घाबरतात. चौकट गेली. वादळात शिरून मोजमाप करणारी विमानं पूर्वी उडायची, तीही खर्चाच्या नावाखाली बंद झाली. आता डोळ्यानं पाहिलेलं चित्र कुठलं आणि मनानं रचलेलं कुठलं, हे सांगणं भल्याभल्यांना जमेना. आणि खरं म्हणजे कुणी विचारतही नव्हतं, कारण अंदाज बरोबर येत होते.

“सलीमभाई, मला एक सांगा. अखंड आल्यापासून पहाटे एकदा तरी केंद्रानं उडी मारली?”

सलीमनं डोकं खाजवलं. “न्हाई बुवा.”

“एकदाही नाही. तिकडची वादळं काय सुधारली की काय?”

सलीमनं खुर्ची आणखी जवळ ओढली. आश्लेषाच्या आवाजात नेहमीचा खवचटपणा नव्हता, आणि त्याचं कारण त्याला ठाऊक होतं. वेरोनिक सेंट बार्नबी नावाच्या बेटाला बगल देऊन उत्तरेकडून निघून जाणार, असा अंदाज होता. आणि सेंट बार्नबीवरच्या मेडिकल कॉलेजात आश्लेषाची एकुलती एक मुलगी मिहिका शिकत होती.

मिहिका एवढ्या लांब का गेली, तेही सांगून टाकू. आईपासून पळायला. आश्लेषाला नवऱ्याचा संशय आला होता तेव्हा सगळे तिला वेड्यात काढत होते, आणि तो संशय शंभर टक्के खरा निघाला. नवरा गेला, संशय राहिला. तो मग पोरीवर बसला. फोन तपासणं, मैत्रिणींच्या आयांना विचारणं, “कुठे आहेस? कोण आहे बरोबर? मागे आवाज कुणाचा?” मिहिकानं बारावीनंतर नकाशावर बोट ठेवलं ते थेट अटलांटिकच्या कडेला. गेले काही महिने आश्लेषाला वाटत होतं, की पोरगी हॉस्टेलवर राहतच नाहीये. विचारलं की मिहिका शपथेवर सांगायची, “हॉस्टेलवरच आहे गं बाई!” आणि ताकास तूर लागू द्यायची नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी आश्लेषा पुष्कर दळवीच्या केबिनमध्ये गेली. पुष्कर वयानं तिच्यापेक्षा बराच लहान, पण विभागाचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता. अखंडचा मोठा भाग त्यानं स्वतः बांधला होता आणि त्याला त्याचा अभिमान होता, एवढंच.

“मॅडम, बसा ना.”

“बसत नाही. पहाटे पहिलं खरं चित्र येतं तेव्हा अखंड त्याचं काय करतं?”

“जुळवून घेतं. आधीच्या चित्रांशी सुसंगत करून मग दाखवतं.”

“आधीची चित्रं म्हणजे रात्रीची. त्यानंच रचलेली.”

“अंदाजानं रचलेली, मॅडम. हवेत नाही.”

“म्हणजे समजा, रात्रीत केंद्र सरकलं, आणि पहाटे खऱ्या चित्रात ते भलतीकडे दिसलं, तर?”

पुष्करनं क्षणभर विचार केला. “एकच चित्र वेगळं असेल तर अखंड त्याला गोंगाट समजेल. कॅमेऱ्याचा दोष. हळूहळू, पुढची चित्रं येत गेली की सुधारेल.”

“हळूहळू म्हणजे किती?”

“काही तास.”

“काही तासांत वेरोनिक बेटावर असेल!”

“किंवा उत्तरेला निघून गेलेलं असेल,” पुष्कर शांतपणे म्हणाला. “मॅडम, बाकीच्या सहा संस्थाही हेच सांगतायत.”

“त्या सहाही जणांकडे अखंडच आहे, पुष्कर. कच्चं चित्र मागवा मला. न जुळवलेलं.”

“ते आपण घेतच नाही. करार फक्त तयार चित्रांचा आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “रागावू नका, पण तिथं तुमची मुलगी नसती, तर तुम्ही हे विचारलं असतंत का?”

आश्लेषाला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण हाच प्रश्न ती स्वतःला सकाळपासून विचारत होती. नवऱ्याच्या शर्टाचा वास घेणारी बाई, पोरीच्या मागचे आवाज ऐकणारी बाई, तीच आता ढगांच्या मागे लागलीये का? ती तशीच केबिनबाहेर आली. डबा उघडला आणि तसाच बंद केला.

चार वाजता बुलेटिन जाणार होतं. त्यावर माणसाचा शिक्का लागतो. मेघवाटनं बेटांना तसं वचनच दिलं होतं, की प्रत्येक अंदाज मशीननं काढला तरी एक जाणकार माणूस डोळ्यांखालून घालील आणि पडद्यावर अंगठा उमटवील. अलीकडे तो अंगठा लोक लिफ्टचं बटण दाबावं तसा दाबत. शिक्क्यासकट अंदाज गेला, की बेटावरचे अधिकारी निर्धास्त. शिक्का नसला, तर बेटाच्याच नियमाप्रमाणे सगळ्या किनाऱ्यावर धोक्याचा भोंगा. आज शिक्क्याची पाळी आश्लेषाची होती.

“काय करायचं मग?” सलीमनं विचारलं. “नुसत्या वहिमावर अडवणार?”

“नाही. वारा विचारणार.”

हे मात्र जुनं शास्त्र, उपग्रहांच्याही आधीचं. उत्तर गोलार्धात वादळाभोवती वारा घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतो. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, की वादळाचं केंद्र डाव्या हाताला येतं. अखंडच्या म्हणण्याप्रमाणे वेरोनिक बेटाच्या पूर्वेला, जरा उत्तरेकडे झुकून होतं. तसं असेल तर बेटावर वारा वायव्येकडून, उत्तरेकडून यायला हवा. तो ईशान्येकडून येत असेल, तर डावा हात आग्नेयेला जातो. मग वादळ आग्नेयेला, आणि आग्नेयेहून वायव्येकडे निघालेलं वादळ बेटाला बगल देत नाही, बेटावरच येतं. बेटावरची वारामापकं बंद पडून जमाना झाला होता. बेटावर आश्लेषाच्या ओळखीचं माणूस एकच होतं.

तिकडे अजून उजाडायचं होतं. आश्लेषानं फोन स्पीकरवर टाकला; तो बराच वेळ वाजला.

“आई? काय झालं? बरी आहेस ना?” मिहिकाचा आवाज झोपेनं जड होता.

“मी बरी आहे. मिहू, उठ आणि मोकळ्यावर जा. वाऱ्याकडे पाठ करून उभी राहा आणि सांग, वारा कुठून येतोय.”

“आत्ता?”

“आत्ता. कामाचं आहे. कुठे आहेस तू?”

“हॉस्टेलवर. अजून कुठे असणार?”

“मग गच्चीवर जा.”

“बरं. थांब हं.” खडखड झाली, दार वाजलं. मग मिहिका म्हणाली, “उत्तर-वायव्येकडून. ताशी बेचाळीस.”

सलीमनं अंगठा वर केला. अखंडशी तंतोतंत जुळत होतं. आश्लेषाच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्याची खूण दिसेना. तंतोतंत! पुन्हा तंतोतंत. झोपेतून उठून गच्चीवर आलेली पोरगी ‘समुद्राकडून’ म्हणेल, ‘डोंगराकडून’ म्हणेल. ताशी बेचाळीस कोण म्हणतं? आणि हॉस्टेल डोंगराच्या आडोशाला, बेटाच्या पश्चिमेला. तिथं डोंगराला वळसा घालून वारा कसाही गिरक्या घेतो, त्यातून एवढी नेमकी दिशा कुणाला कळणार? फोनमध्ये तर लाटांचा धडाका ऐकू येत होता, अगदी उशापाशी असावा तसा. पोरीनं मोबाईलवर हवामान बघून सांगितलं होतं. म्हणजे अखंडनं सांगितलेलं अखंडलाच परत केलं होतं.

“मिहू, ते तू फोनवर बघितलंस.”

“आई, प्लीज! पहाटे पाच वाजता पण तुझं हेच? वाऱ्याचं नाव काढून मी कुठे आहे तेच काढायचंय ना तुला? कमाल आहे हां तुझी. नवीन युक्ती.”

“युक्ती नाही गं.”

“प्रत्येक वेळी तू हेच म्हणतेस.”

आणि ते खरं होतं, हीच तर पंचाईत होती. हा एक प्रश्न आश्लेषानं इतक्या वेळा विचारून झिजवला होता, की आज पहिल्यांदा त्याची खरी गरज पडली आणि त्यात काही दमच उरला नव्हता. जागा कळल्याशिवाय वारा निरुपयोगी. आणि जागा विचारली की पोरगी गोगलगायीसारखी शंखात.

“मिहिका, ऐक. मी वर्षानुवर्षं तुझ्या मागे लागले, चुकलं माझं. तू कोणाबरोबर आहेस, का आहेस, मला नको सांगूस. कधीच नको सांगूस. पण वादळ तुमच्यावर येतंय असं मला वाटतंय, आणि माझ्याशिवाय ते कुणालाच वाटत नाहीये. डोंगराच्या कुठल्या बाजूला आहेस, तेवढं खरं सांग. मला तुझ्याशिवाय दुसरे डोळे नाहीत तिथे.”

“ला सूर्समध्ये,” मिहिका शेवटी म्हणाली. “पूर्वेच्या किनाऱ्यावर. कोळ्यांचं गाव आहे. तेओ म्हणून माझा... त्याच्या घरी. त्याची आई पण असते. मी गेले आठ महिने इथेच राहते.”

आठ महिने! प्रत्येक शपथ खोटी होती तर. काय काय ओठांवर आलं आश्लेषाच्या! सलीम तिच्याकडे बघत होता. तिनं ते सगळं गिळलं, आणि गिळताना किती कडू लागलं ते तिचं तिलाच ठाऊक.

“पूर्वेला म्हणजे उघडा समुद्र,” ती म्हणाली. “फार बरं झालं. बाहेर जा. वाऱ्याकडे पाठ कर.”

“एवढंच?” मिहिकाचा आवाज बारीक झाला होता.

“आत्ता एवढंच.”

दार उघडल्याबरोबर फोनमध्ये वारा असा घुसला, की सलीमनं स्पीकरचा आवाज कमी केला. मिहिका ओरडून बोलायला लागली. “पाठ केली! उभं राहवत नाहीये गं! तोंड डोंगरावरच्या चर्चकडे आलंय, दिवा दिसतोय त्याचा. चर्च इथून नैर्ऋत्येला आहे, तेओ म्हणतोय.”

तोंड नैर्ऋत्येला, म्हणजे वारा ईशान्येचा. डावा हात आग्नेयेला.

“काल संध्याकाळी कुठून होता वारा?”

ती कुणाला तरी विचारत होती. “तोच! तेओची आई म्हणते, काल रात्रीपासून दिशा बदललीच नाही, नुसता वाढतोय.”

सलीमच्या तोंडून “या अल्ला” निघून गेलं. दिशा न बदलता वाढत जाणारा वारा म्हणजे वादळ नाकासमोर येतंय.

“मिहू, चर्चला जायला रस्ता आहे?”

“आहे. चढ आहे.”

“आत्ता निघा. तिघंही. जाताना दारं बडवा लोकांची. कुणी हसलं तर हसू दे. गाव रिकामं करा.”

“आई, मोबाईलवर तर दाखवतायत की...”

“मोबाईलवर काय दाखवतायत ते मला माहीत आहे. विश्वास ठेव माझ्यावर.”

कुणावर विश्वास ठेव म्हणायचा आपल्याला काय अधिकार, हे तिच्या मनात येऊन गेलंच. पण मिहिका “ठेवते” म्हणाली आणि फोन बंद झाला.

चारला थोडा अवकाश होता. पुष्कर स्वतः टेबलापाशी आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

“मॅडम, त्या भागात एरवीही ईशान्येचाच वारा असतो. बाराही महिने.”

“असतो. पण अखंड म्हणतं तिथं वादळ असतं, तर तो आत्ता वायव्येकडून असायला हवा होता. उभं राहवत नाही इतका वारा रोजचा नसतो, पुष्कर.”

“सगळा उपग्रह एका बाजूला, आणि एका मुलीचा हात एका बाजूला.” पुष्करनं कपाळ चोळलं. “बरं, मला एवढंच सांगा. ही मुलगी तुमच्याशी कधी खोटं बोलत नाही, अशी खात्री आहे तुम्हाला?”

“बोलते,” आश्लेषा म्हणाली. “नेहमी बोलते. आठ महिने रोज बोललीये. आत्ता बोलत नाहीये.”

“कशावरून?”

आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे पुरावा नव्हता आणि शंकाही नव्हती.

“मी अंगठा देणार नाही.”

पुष्कर सलीमकडे वळला. दुसऱ्या जाणकाराचा शिक्काही नियमात चालत होता. “बागवान साहेब, तुम्ही द्या. चूक निघाली तर नऊही बेटं करार मोडतील. उगाच भोंगा वाजवला म्हणून आपल्याला कुणी हार घालणार नाही.”

सलीमनं आपला अंगठा बघितला, जणू तो दुसऱ्याचाच होता. “साहेब, मी हितं लई वर्सं आहे. ह्या बाईनं मला लई छळलंय. साधी सुट्टी टाकली तरी विचारती, खरंच आजारी आहात का.” त्यानं हात खिशात घातला. “पण लेकीच्या बाबतीत ‘खरं बोलतीय’ म्हणताना मी तिला आज पयल्यांदा ऐकलं. मी न्हाई देणार.”

बुलेटिन शिक्क्याविना गेलं. सेंट बार्नबीवर भोंगे वाजले.

वेरोनिक बेटावर आलं. बगल नाही, वळसा नाही, सरळ छातीवर. तिकडे दुपार असताना वीज गेली, फोन गेले, आणि बेट मुकं झालं.

दुसऱ्या दिवशी आश्लेषा ऑफिसात आली ती न झोपलेल्या डोळ्यांनी. पुष्कर तिची वाटच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता.

“मॅडम, आधी हे बघा. कालची पहाट. केंद्र आग्नेयेलाच आहे! म्हणजे अखंडला दिसलं होतं. आपण वाचण्यात चुकलो.”

तिनं बघितलं. कालच्या त्याच वेळचं चित्र, आणि केंद्र आग्नेयेला, स्वच्छ. सलीम तिच्या मागे येऊन उभा राहिला.

“हे काल असं नव्हतं,” तो म्हणाला.

“नव्हतंच,” आश्लेषा म्हणाली. “आज कळलं वादळ कुठून गेलं, म्हणून त्यानं कालचा दिवससुद्धा मागाहून जुळवून घेतला. सुसंगत केला.”

पुष्करनं स्वतःच बांधलेला तो नियम होता. पण मागच्या चित्रांपर्यंत तो जाईल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो जरा वेळ खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिला. मग घाईघाईनं, समजूत काढावी तसं म्हणाला, “ते आपण बघू. पण हे आजचं बघा, तुमच्यासाठी मुद्दाम काढलंय. ला सूर्स. ढग विरळ झालेत. गाव शाबूत आहे, मॅडम! घरं बघा, होड्या बघा.”

पडद्यावर निळा समुद्र होता, किनारा होता, लाल पत्र्यांची छपरं ओळीनं उभी होती. वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. खोलीतल्या कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

आश्लेषा त्या छपरांकडे बघत राहिली. कुठलीही आई असती तर देवापुढे साखर ठेवली असती. तिचा जीव म्हणत होता, मान, बाई, मान एकदाचं. पण तिकडे अजून रात्र होती आणि बेटावर विरळ का होईना, ढग होते. ढगांखालचं अखंडला कुठून दिसणार? ही परवाची छपरं होती, आजच्या तारखेनं रंगवलेली. तिला ओरडावंसं वाटलं. तिनं पडद्याकडे पाठ केली आणि फोन हातात धरून बसून राहिली. सलीमनं चहा आणून ठेवला, तो गार झाला, त्यानं तो नेऊन दुसरा आणला.

फोन वाजला तो दुपारी, तिकडे उजाडल्यावर, अनोळखी नंबरवरून.

“आई...”

“बोल,” आश्लेषा म्हणाली.

“मी चर्चमध्ये आहे. डोंगरावर. सैन्याच्या लोकांचा फोन घेतलाय, दोनच मिनिटं आहेत. तेओ आहे, त्याची आई आहे. सगळं गाव आहे इथे. आम्ही दारं बडवली तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, पण मग भोंगा वाजला आणि सगळे आले.” मिहिका रडायला लागली. “आई, गाव गेलं गं. एक घर राहिलं नाही.”

आश्लेषानं फोनचा स्पीकर चालू केला. “पुन्हा सांग, मिहू. इथं माझे साहेब आहेत, त्यांनाही ऐकू दे. काय राहिलंय?”

“काही नाही. नुसते चौथरे आहेत. समुद्र रस्त्यापर्यंत आलाय. होड्या इथे वर, झाडांत अडकल्यात.”

पुष्कर पडद्याकडे बघत होता. तिथं छपरं उन्हात चकाकत होती. तो फोनजवळ वाकला.

“छपरं... लाल छपरं होती ना तिथं? एकही नाही?”

“कोण बोलतंय? नाही हो. एकही नाही.”

पुष्कर खुर्चीत बसला. त्यानं चित्र बंद करायला हात पुढे केला, आणि मग तो तसाच मागे घेतला.

“आई, वेळ संपत आला,” मिहिका म्हणाली. नाक ओढत ती जराशी हसली. “हे बघ, यापुढे मी तुझ्याशी कधीच खोटं बोलणार नाही, असं काही मी म्हणत नाहीये. पण हे खरं आहे. मी ठीक आहे. खरंच ठीक आहे.”

“माहीत आहे गं मला,” आश्लेषा म्हणाली. मागे कुणीतरी पुरुष काहीतरी बोलत होता, एक बाई रडत होती, घंटा वाजत होती. ते आवाज कुणाकुणाचे, हे तिनं विचारलं नाही. “जेवलीस का?”